मराठी अक्षरांचा भरतकामाचा फॉन्ट स्वतः पंच करता येतो का?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात टेरी टॉवेलवर हॉटेलांची, देवस्थानांची आणि लग्नाच्या आहेराची नावं मराठीत भरून द्यायची असतात, आणि दर नवीन नावाला पंचिंग (मशीननं कुठे कसे टाके घालायचे ते कॉम्प्युटरवर आखणं) बाहेरून करून आणावं लागतं. इंग्रजीसारखा मराठीचा फॉन्ट एकदाच पंच करून कीबोर्डवरून नाव टाइप करता येईल का?

येईल. फक्त इंग्रजीच्या पद्धतीनं २६ अक्षरांसारखी अख्खी अक्षरं एकेक करून साठवू नका. अक्षरं शिरोरेषेशिवाय पंच करा आणि शिरोरेषा शब्द जुळल्यावर शेवटी, सलग एकच टाका. फॉन्ट फसतो तो बहुतेक इथेच.

प्रत्येक अक्षराला आपापली शिरोरेषा ठेवली तर काय होतं ते बघा. साटन टाका (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, जवळजवळ मारलेले टाके) दोऱ्याच्या ताणानं रुंदीत आकसतो आणि लांबीच्या दोन्ही टोकांना बाहेर सरकतो. शिरोरेषेचे टाके उभे असतात, म्हणून ती जाडीला बारीक होते आणि डावी-उजवीकडे वाढते. दोन अक्षरांच्या रेषा जिथे भेटतात तिथे एक तर गाठ चढते, नाही तर फट राहते. कॉम्प्युटरवर सरळ दिसणारी रेघ टॉवेलवर तुटक दिसते. ट्रूटाइप, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेहमीच्या फॉन्टवरून ऑटो पंचिंग केलं की नेमकं हेच मिळतं, वर जाड भागात साटनऐवजी भराव (आडव्या ओळींनी भरलेले टाके) येतो तो वेगळा.

सलग शिरोरेषेचा दुसरा फायदा मोठा आहे. प्रत्येक अक्षराची सुरुवात डावीकडे रेषेच्या जागेवर आणि शेवट उजवीकडे रेषेच्याच जागेवर ठेवा. एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना मशीन २ मिमीच्या साध्या धावत्या टाक्यानं रेषेच्या मधोमध जाते. शेवटी त्यावर शिरोरेषा बसली की ते टाके झाकले जातात, शिवाय तिचं अंडरले (खालचे आधाराचे टाके) म्हणूनही उपयोगी पडतात. इंग्रजीत अक्षरागणिक ट्रिम (दोरा कापणं) लागतो, मराठीत बराचसा शब्द एका दोऱ्यात निघतो.

पण सावध राहा: ध, भ आणि थ यांच्या डाव्या गाठीवर रेष नसते. तिथूनही रेघ सरळ ओढली तर ध चा घ आणि भ चा म होतो, आणि ‘भोजनालय’ची चेष्टा होते. तिथे रेष तोडा. फट कागदावर १.५ मिमी ठेवा, कारण दोन्ही टोकं बाहेर सरकून ती आणखी लहान होते.

आता वळण निवडणं. साटनचा खांब (साटननं भरलेली अक्षराची पट्टी) १ मिमीपेक्षा बारीक नको आणि टॉवेलवर ७ मिमीपेक्षा रुंद नको, नाही तर लांब टाके नखात, बांगडीत अडकतात. म्हणून बोरूच्या वळणाची जाड-बारीक अक्षरं टाळा. एकसारख्या जाडीची वळणं घ्या, उदाहरणार्थ ‘बालू’ किंवा ‘मुक्ता’चं जाड रूप. दोन्ही मुक्त परवान्यातली आहेत, व्यावसायिक मालावर वापरायला पैसे पडत नाहीत. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते आधी तपासा, गिऱ्हाइकाला हिंदी ल लगेच खटकतो.

किती तुकडे लागतील? पूर्ण व्यंजनं, अर्धी रूपं, स्वर, मात्रा, अंक आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध, द्व, ट्ट, ठ्ठ, ह्म अशी जोडाक्षरं धरली की शंभर-सव्वाशे होतात. रफार वेगळा, ‘ऱ्य’मधला अर्धा र वेगळा. सगळे पहिल्याच दिवशी करू नका. ‘श्री सिद्धेश्वर’ हा एक शब्दगट नीट जमला तर बरंच जमलं: श्री, ि, स, द्ध, मात्रा, श्व आणि र, सगळं त्यात आलं. ‘विठ्ठल’ त्याच्या पाठोपाठ.

ि ची कमान सगळ्या अक्षरांना एकाच मापाची चालत नाही. र सारख्या अरुंद, स सारख्या मध्यम आणि श्व सारख्या रुंद अक्षरासाठी तीन मापं करा. े, ै आणि रफार यांना पुढची जागा (तुकड्यानंतर सोडायचं अंतर) शून्य द्या, म्हणजे ते आधीच्या अक्षरावर बसतात. हे सगळं शिरोरेषेच्या आधी शिवायचं, म्हणजे टोकं तिच्याखाली दबतात. अनुस्वार मात्र शेवटी, ट्रिम करून. कु, गु, पु, सु, रु या जोड्या अखंड तुकडे म्हणून करा, नाही तर उकाराकडे जाणारा टाका शिवलेल्या दांडीवरून दिसतो.

टाइप करताना ि आधी की नंतर हा घोळ होतोच. मोबाइलवर आपण आधी स टाइप करतो, मग ि, आणि वेलांटी आपोआप स च्या डावीकडे जाऊन बसते. भरतकामाच्या अक्षरसंचाकडून ती फिरवाफिरव धरून चालू नका. श्रीलिपी, कृतीदेव या जुन्या फॉन्टांसारखी व्यवस्था करा: प्रत्येक तुकडा एका इंग्रजी कळीला आणि टाइप करायचं ते दिसण्याच्या क्रमानं. कळींचा तक्ता छापून मशीनशेजारी चिकटवा. विल्कम या पंचिंगच्या सॉफ्टवेअरच्या वरच्या आवृत्तीत स्वतःचा अक्षरसंच साठवता येतो. फुकटात हवं असेल तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं इंकस्टिच आहे, त्यात प्रत्येक तुकडा वेगळ्या लेयरमध्ये ठेवतात आणि लेयरच्या नावात त्याची कळ लिहितात.

मापं अशी ठेवा. ४० नंबरचा दोरा, ७५/११ सुई, एकाच बाजूच्या दोन टोचांमधलं अंतर ०.४ मिमी. टेरीवर खांबाच्या रुंदीत ०.३ ते ०.४ मिमीची भर घाला, कारण तो आकसणार आहे. उभ्या दांडीचं खालचं टोक ०.३ मिमी आखूड ठेवा, वरचं टोक शिरोरेषेच्या अर्ध्या जाडीपर्यंतच न्या. पूर्ण नेलं तर एकावर एक थर चढून सुई मोडते. अंडरले म्हणून कडेचा धावता टाका आणि त्यावर झिगझॅग. ट, ठ, ह, ळ यांच्या वळणांत आतल्या बाजूला टोचा दाटतात, तिथे आखूड टाक्याची सोय चालू करा. ष आणि ब च्या आतली मोकळी जागा १ मिमीच्या खाली गेली की ती बुजते.

अक्षरांचे दोन संच करा: मात्रा सोडून २५ मिमी उंचीचा आणि १५ मिमीचा. एकच संच लहान-मोठा करू नका. मशीनला द्यायच्या डीएसटी फाइलमध्ये फक्त टाके असतात. ती २० टक्के वाढवली तर ०.४ चं अंतर ०.४८ होतं आणि खालचं कापड दिसतं. १५ मिमीच्या खाली द्ध, ठ्ठ वाचता येत नाहीत. लहान नाव हवंच असेल तर ६० नंबरचा दोरा आणि ६५/९ सुई घ्या, जोडाक्षर सुटं लिहायचं गिऱ्हाइकाला विचारून ठरवा.

टॉवेलच्या लुपांबद्दल (टेरीवरचे उभे राहिलेले धाग्याचे फासे): खाली फाडून निघणारा मध्यम पेपर, वर पाण्यात विरघळणारी फिल्म. फिल्म नसेल तर अक्षरांमधून लुपा डोकावतात. जास्त जाड टॉवेलला अक्षरांच्या आधी टॉवेलच्याच रंगाचा विरळ भराव टाकून लुपा दाबून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे नाव डॉबी पट्ट्यावर (टॉवेलवरच्या सपाट विणीच्या पट्ट्यावर) घेणं: तिथे लुपा नसतात, फिल्म लागत नाही, १५ मिमीचा संचही स्वच्छ येतो. वेग मिनिटाला ६०० ते ७०० टाके. फ्रेम घट्ट पण कापड ताणलेलं नको, नाही तर फ्रेम काढल्यावर शिरोरेषा लाटेसारखी होते.

नमुना चिंधीवर न घेता त्याच टॉवेलवर घ्या आणि एकदा धुऊन बघा.

आणि हो, सोलापुरात तेलुगू आणि कन्नड नावंही मागतील. तिथे शिरोरेषा नाही, त्यामुळे लपवायला जागा नाही. अक्षरागणिक ट्रिम धरा, टाक्यांचा आणि वेळेचा दर त्या हिशेबानं लावा.