स्लॅबचा रंग हिरवट निघाला, म्हणून ठेकेदाराचे पैसे अडवता येतील का?

अमळनेर तालुक्यातल्या एका दादांनी घराचा मटेरियलसकट ठेका दिला. करारात '५३ ग्रेड सिमेंट' लिहिलं होतं. एप्रिलात स्लॅब पडला. सेंट्रिंग काढल्यावर काँक्रीट निळसर-हिरवं दिसलं आणि रिकाम्या गोण्यांवर 'स्लॅग सिमेंट' सापडलं. शेवटचा हप्ता अडवून स्लॅब पाडून मागता येईल का, असं ते विचारतात.

दादा, आधी रंगाची भीती सोडा. लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवताना उरणारी मळी, दळून सिमेंटात घातला की नवं काँक्रीट असं दिसतं. हवा लागली की रंग उडतो. ही भेसळ नव्हे. आयएस ४५५ या भारतीय मानकात २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो. नोटिशीत 'डुप्लिकेट सिमेंट' लिहाल, तर समोरचा वकील त्यावरच तुमची केस हलकी करेल.

तुमचा मुद्दा कराराचा आहे. ५३ ग्रेड असते ती साध्या पोर्टलँड सिमेंटची, म्हणजे ओपीसीची. न विचारता माल बदलला, हा करारभंगच. पण करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई मिळते ती झालेल्या नुकसानीची. स्लॅब मजबूत निघाला तर फार तर दरातला फरक पदरात पडेल.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'चौथ्या दिवशी टँकर बंद झाला', म्हणजे स्लॅबला पाणी मारणं थांबलं. मला सगळ्यात वजनदार तेच वाटलं. स्लॅग सिमेंट सुरुवातीला सावकाश जोर धरतं. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे त्याला किमान १० दिवस पाणी हवं, शिफारस तर १४ दिवसांची. त्यात आपल्याकडचं एप्रिलचं ऊन! पाणी कोणी पुरवायचं होतं, ते करारात बघा. तुमच्याकडे असेल तर दावा तुमच्यावरच उलटेल.

गोण्या भंगारात देऊ नका. ठेकेदाराला तारीख लेखी कळवून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून किमान ३ कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले गोल नमुने, काढून तपासून घ्या. काँक्रीट एम-२० प्रतीचं (ठरलेली ताकद २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) असेल तर सरासरी ताकद किमान १७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी, एकही कोअर १५ च्या खाली नको.

तोवर अख्खा हप्ता दाबू नका. विटकाम-प्लास्टरचे पैसे देऊन टाका, स्लॅबपुरती रक्कम लेखी कारण देऊन रोखा. कोअर नापास झाले तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे.