ग्राइंडरची घाई नको, भाऊ

लाकूडकामाची नवी पटाशी आणलीस की आधी तिची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, सपाट कर. टोकाकडचा इंचभर भाग दगडावर सारखा चमकला की बास.

ग्राइंडर फक्त तुटलेली धार किंवा बिघडलेला उतार नीट करायला. साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला 2,800 च्या आसपास फेरे घेतो. पातळ टोक क्षणात तापतं. निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला समज, तेवढा भाग घासून काढावाच लागतो. म्हणून राखाडी चाक काढून पांढरं लाव, हात हलका ठेव, आणि प्रत्येक वेळी पाण्यात बुडव. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे डब्यातलं पाणीच कोमट होतं, ते बदलत राहा. चष्मा हवाच, हातमोजे मात्र घालू नकोस.

खरी धार जिगवर येते, म्हणजे दगडावर घासताना पटाशी एकाच कोनात धरून ठेवणाऱ्या साधनावर. दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या स्वस्त जिगमध्ये पटाशी 40 मिमी बाहेर ठेवलीस तर धारेचा कोन 25 अंश, 30 मिमी ठेवलीस तर 30 अंश. रंध्याच्या पात्याला हेच आकडे 50 आणि 38. फळीवर या मापांच्या पट्ट्या ठोकून टाक, रोज मोजत बसायला नको. सागाला 25 चालतं. बाभळीवर मोगरी मारायची असेल तर 30 च ठेव, नाहीतर धार झडते.

1000 नंबरच्या दगडावर (नंबर मोठा तितका दगड बारीक) घासताना पाठीकडून बोटाला खरखरीत कड लागली पाहिजे, तीही पूर्ण रुंदीभर. ती लागेपर्यंत 6000 चा दगड बाहेर काढूच नकोस.