वाचक विचारतात : अँबॅसेडरला दोन कार्ब्युरेटर

प्रश्न : जुन्या १४८९ सीसी अँबॅसेडरला हॉट रॉडच्या (जादा वेगासाठी बदललेल्या जुन्या गाडीच्या) धर्तीवर दीड इंची एस.यू. कंपनीच्या कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाची) जोडी बसवली. गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरते आणि दुपारी ‘सात रस्ता’ चौकात थांबली की बंद पडते. (वाचक, सोलापूर)

उत्तर : जोडी योग्य आहे, याच मापाच्या इंजिनाच्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत ती कंपनीतूनच येई. थरथर बहुधा हवेच्या असमतोलामुळे. आधी मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीचं) पॅकिंग हवा खेचत नाही ना, ते पाहा. तिथे गळती असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या तेलाच्या नळकांड्यात) २० ग्रेडचं पातळ तेल घाला. कार्ब्युरेटरमधला पिस्टन उचलून सोडल्यावर ‘टक्’ आवाज यायला हवा. नाही आला तर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) मधोमध नाही.

जेटचा नट पूर्ण वर, मग दोन फेरे खाली. इंजिन तापवा, दोन्ही थ्रॉटल (हवेच्या झडपा) जोडणारा क्लॅम्प सैल करा. रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांचा फुसकारा स्लो स्क्रूने सारखा करा आणि क्लॅम्प आवळा. आता एकेक पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला : वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट, इंजिन मरू लागलं तर पातळ.

दुपारचा त्रास वेगळा. या इंजिनात एक्झॉस्ट कार्ब्युरेटरच्या बाजूलाच असतो. सोलापूरच्या मे महिन्यात पेट्रोल उकळणारच. मध्ये पत्र्याचा आडोसा आणि उष्णतारोधक जाड पॅकिंग हवंच.

वेग वाढवण्याआधी ड्रम ब्रेक तपासा. इंजिनच बदलणार असाल तर आरटीओची परवानगी आधी घ्या.