'द' लावू की नको? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं इंग्रजी व्याकरणातलं काहीही विचारा, तर टेन्स-बिन्स राहिलं बाजूला आणि बहुतेक सगळे 'अ', 'ॲन' आणि 'द' या आर्टिकल्सवरच तुटून पडलेत. नाशिक आणि आसपासच्या वाचकांचे काही प्रश्न घेतलेत, नावं मुद्दाम गाळलीयेत.

प्रश्न (निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार): मॅडम, आमची द्राक्षं एक्सपोर्टला जातात, नेदरलँड्सच्या बायरला मेल मीच टाकतो. पोरगी म्हणते पप्पा तुम्ही कुठंही 'द' ठोकता. आता मराठीत ही भानगडच नाही तर आम्हाला कळणार कसं? एकच सोपा नियम सांगा.

उत्तर: दादा, मराठीत वेगळा शब्द नाही हे खरं, पण भानगड आहे, आणि तुम्हाला ती चांगली येते. 'पाहुणे मुलगी बघायला गेलेत' आणि 'पाहुणे मुलीला बघायला गेलेत', ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात लग्नाचं चाललंय, मुलगी कोणती ते ऐकणाऱ्याला माहीत नाही. दुसऱ्यात ती कोणाची तरी ठरलेली मुलगी आहे, आजारी असेल, बाळंतीण असेल, पण कोणती ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना माहितीये. एवढ्याशा 'ला' नं केवढा फरक पडला बघा, आणि हा तुम्हाला कोणी शिकवलेला नाही.

इंग्रजीत हेच काम 'अ' आणि 'द' करतात. म्हणून 'द' लावायच्या आधी स्वतःला एवढंच विचारायचं की समोरच्याला 'कोणतं' ते कळतंय का. तुम्हाला माहितीये का हा प्रश्नच नाही, तुम्हाला तर माहीतच असतं, आणि तिथंच सगळे फसतात! बायरला पहिल्यांदा कळवताय तर 'वी हॅव सेंट अ कंटेनर', कारण त्याला अजून काहीच माहीत नाही. पुढच्या ओळीपासून तोच 'द कंटेनर'. आणि त्यानं उलट लिहिलं की 'द सील वॉज ब्रोकन', तर सीलचा उल्लेख आधी कुठंच नसला तरी 'द' बरोबर, कारण कंटेनर म्हटला की त्याला सील आलंच, कोणतं सील हे विचारावं लागत नाही.

आता द्राक्षांचं. 'वी ग्रो ग्रेप्स', इथं काहीच नको, आपण द्राक्षं पिकवतो एवढंच सांगायचंय, कोणती विशिष्ट नाहीत. यालाच झिरो आर्टिकल म्हणतात, म्हणजे रिकामी जागा. पण बायरचा मेल आला की 'द ग्रेप्स आर सावर', तर सावध व्हा, तो जगातल्या द्राक्षांबद्दल बोलत नाहीये, तुमच्याच मालाबद्दल बोलतोय. पैशाचंही तसंच. 'प्लीज सेंड द पेमेंट' म्हणजे ते ठरलेलं, अडकलेलं पेमेंट पाठवा, तिथं 'अ पेमेंट' लिहिलंत तर कोणतं पेमेंट ते समोरच्यानं ठरवायचं आणि तो सोयीचं तेच ठरवणार.

जाता जाता, तुमच्या बायरच्या देशाच्या नावातच 'द' आहे. द नेदरलँड्स, द फिलिपीन्स, द युनायटेड स्टेट्स, अशी अनेकवचनी किंवा स्टेट्स-किंगडम वगैरे असलेली नावं 'द' घेतात. इंडिया, फ्रान्स, जपान घेत नाहीत.

प्रश्न (पंचवटी, दहावीची विद्यार्थिनी): मॅडम, ए ई आय ओ यू च्या आधी 'ॲन' असं पाठ केलंय पण मग 'अ युनिव्हर्सिटी' का आणि 'ॲन अवर' का? पेपरात कसं ओळखायचं?

उत्तर: अगं, तो नियम अक्षराचा नाहीच, आवाजाचा आहे. आणि तुझ्याकडे एक सोय आहे जी इंग्रज पोरांकडे नाही. शब्द देवनागरीत लिहून बघ! युनिव्हर्सिटी 'य' नं सुरू होतो, व्यंजन, म्हणून 'अ'. अवर 'अ' नं सुरू होतो, स्वर, म्हणून 'ॲन'. वन-वे तिकीट 'व' नं, तर 'अ वन-वे तिकीट'. शॉर्टफॉर्मलाही चालतं हे: ॲन एसटी बस, ॲन एमएलए, ॲन एफआयआर, तुझं ॲन एसएससी सर्टिफिकेट, पण अ यूपीआय पेमेंट. 'द' चा उच्चारही यावरच, स्वराच्या आधी 'दि' म्हणायचं, दि अवर, आणि व्यंजनाच्या आधी 'द'.

पेपरात येणार नाही पण सांगते, मुळात 'ॲन' हेच जुनं रूप, ते 'एक' या अर्थाच्या शब्दातून आलं आणि व्यंजनापुढे त्यातला न गळून 'अ' उरला. या गळण्याच्या घोळात कुठला 'न' कोणाचा हेही लोक विसरले. क्रिकेटमधला अंपायर पूर्वी 'नंपायर'सारखा 'न' नं सुरू होणारा शब्द होता, 'अ नंपायर' चं ऐकता ऐकता 'ॲन अंपायर' झालं.

प्रश्न (सातपूर एमआयडीसी): आमचे मॅनेजर म्हणतात आर्टिकल चुकलं तरी अर्थ कळतो, उगाच डोक्याला ताप. बरोबर ना?

उत्तर: बऱ्याच वेळा बरोबर, तोंडी बोलताना तर कोणी अडवत नाही. पण शिफ्ट रिपोर्टमध्ये 'देअर आर फ्यू प्रॉब्लेम्स इन द मशीन' असं लिहिलंत तर त्याचा अर्थ होतो प्रॉब्लेम जवळजवळ नाहीतच, आणि 'अ फ्यू प्रॉब्लेम्स' म्हणजे आहेत, थोडे आहेत. मेंटेनन्सवाला पहिलं वाचून निवांत चहाला जाईल. 'लिटल ऑइल' आणि 'अ लिटल ऑइल' चंही तेच, पहिल्यात ऑइल संपत आलंय.

मॅनेजरसाहेबांना मोठं उदाहरण हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ सांगा, नोव्हेंबर १९६७ चा. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या अरब-इस्रायल युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलनं सैन्य मागे घ्यावं असं त्यात आहे, पण इंग्रजीत 'फ्रॉम टेरिटरीज' एवढंच, 'द' नाही. फ्रेंच मजकुरात मात्र आर्टिकल आहे. झालं, सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, यावर वकील आणि मुत्सद्दी आजही भांडतात. आणि जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँगचं 'वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड' ऐकू आलं, त्यात 'मॅन' च्या आधी 'अ' नाही. 'अ' नसलेला 'मॅन' म्हणजे अख्खी मानवजात, मग पुढच्या 'मॅनकाइंड' मध्ये वेगळं काय राहिलं! आपल्याला 'अ मॅन' म्हणायचं होतं असं ते नंतर सांगत राहिले.

प्रश्न (नाशिकरोड): द गोदावरी म्हणायचं, पण द कॉलेज रोड नाही. हे कोणी ठरवलं?

उत्तर: वापरानं. सगळ्याला कारण शोधत बसलात तर वेड लागेल. नद्यांना 'द', डोंगररांगांना 'द', म्हणून द गोदावरी, द सह्याद्रीज. एकट्या शिखराला नाही, साल्हेर, ब्रह्मगिरी नुसतेच. गंगापूर रोड, कॉलेज रोड नुसते, पण द मुंबई-आग्रा हायवे. त्र्यंबकेश्वर गाव म्हणून नुसतं, मंदिर म्हणालात तर द त्र्यंबकेश्वर टेंपल. गाडीला द पंचवटी एक्सप्रेस, मेळ्याला द कुंभमेळा. 'द काळाराम टेंपल सत्याग्रह ऑफ १९३०' मध्ये तर शंकाच नको, कोणता सत्याग्रह ते पुढच्या 'ऑफ' नं बांधूनच टाकलं. नाशिकला 'द' लागत नाही, पण 'द नाशिक ऑफ माय चाइल्डहुड' म्हटलं की लागतो, कारण आता ते लहानपणीचंच नाशिक, आजचं ट्रॅफिकवालं नाही.

प्रश्न (इंदिरानगर, आजी): लंडनची सून म्हणते 'इन हॉस्पिटल', अमेरिकेतला नातू म्हणतो 'इन द हॉस्पिटल'. चूक कोण?

उत्तर: आजी, दोघंही बरोबर, ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धत वेगळी आहे. शाळेचं मात्र दोन्हीकडे सारखं, नातू 'गोज टू स्कूल' आणि त्याची आई पालकसभेला 'गोज टू द स्कूल'. ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामाला गेलं की 'द' गळतो. ऑफिसला हे लागू नाही हं, आपण सगळे 'गोइंग टू ऑफिस' म्हणतो, ते तिकडे 'टू दि ऑफिस' म्हणतात.

प्रश्न (सिन्नर): 'ॲन ॲडव्हाइस' चालतं का?

उत्तर: नाही. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, न्यूज यातल्या कशालाच 'अ' किंवा 'ॲन' नाही, कारण इंग्रजीत ही नामं एक, दोन अशी मोजत नाहीत.

प्रश्न (गंगापूर धरणाकडचा एक हॉटेलवाला): मग 'अ वाइन' पण चूक? आमच्या मेन्यूकार्डावर छापलंय.

उत्तर: काय छापलंय त्यावर आहे. नुसती वाइन, पिण्याचा पदार्थ म्हणून, तर काहीच नको, 'वी सर्व वाइन'. प्रकार सांगताय तर चालतं, 'अ ड्राय रेड वाइन', छापलेलं राहू द्या. 'वी सर्व द वाइन' मात्र बोर्डावर लिहू नका, पहिलंच गिऱ्हाईक विचारेल, कोणती?