गार्लिक सॉस : कडवट आणि पातळ

प्रश्न : गाडीवरच्या चायनीजसारखा गार्लिक सॉस घरी केला. लसूण कडवट लागला, कॉर्नफ्लोअरच्या गुठळ्या झाल्या आणि उरलेला सॉस दुसऱ्या दिवशी पाण्यासारखा. काय चुकलं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लसूण किसला असणार तुम्ही, आणि तेलातून धूर निघेपर्यंत थांबला असणार. मीही कितीतरी दिवस हेच करत होते! २० पाकळ्या सुरीने बारीक चिरा आणि ३ चमचे तेल कोमट असतानाच त्यात टाका. कडा सोनेरी दिसायला लागल्या की लगेच ५-६ ब्याडगी मिरच्यांचं (भिजवून) वाटण घाला, ते परता, मग चमचाभर सोया सॉस, चिमूटभर साखर, वाटीभर पाणी. लसूण एकदा करपला की साखरेचंही काही चालत नाही. कॉर्नफ्लोअर एकच चमचा, गार पाण्यात कालवून, उकळी आल्यावर. व्हिनेगर गॅस बंद केल्यावर.

पातळ होण्याचं म्हणाल, तर चाखलेला चमचा परत पातेल्यात गेला असेल. लाळेतलं अमायलेज (पचनाला मदत करणारं एन्झाइम) कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च मोडतं. आमच्याकडे हा उद्योग धाकट्याचा. उरलेला सॉस ओट्यावर ठेवू नका, तेलातला लसूण बाहेर राहणं धोक्याचं. फ्रिजमध्ये ठेवा, ३-४ दिवसांत संपवा.