चित्रातला चोर सापडत नाही? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, मला डिटेक्टिव्ह चित्रकोडी फार आवडतात पण चित्राकडे कितीही वेळ बघत बसले तरी काही हाती लागत नाही, आणि मागे उत्तर वाचलं की कळतं ते तर समोरच होतं! माझी नजरच कच्ची आहे का?

उत्तर: अजिबात नाही. आपल्याला वाटतं अख्खं चित्र एकदम दिसतंय, पण डोळ्याला बारीक तपशील दिसतात ते फक्त मधल्या साधारण 2 अंशांत, हात लांब करून अंगठा उभा धरा, त्याच्या रुंदीएवढाच तो भाग असतो. बाकीचं धूसर असतं आणि तिथे मेंदू अंदाजाने काम भागवतो. टेबल दिसलं की "हां, टेबल आहे" म्हणून पुढे जातो, त्यावरचा चष्मा कोणाचा हे बघायचंच राहून जातं. शिवाय आपण काय शोधतोय त्यावर काय दिसणार हे ठरतं. 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, 24 रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसांचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गुपचूप एका गोरिलाचं चित्र टाकलं, गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना तो दिसलाच नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर जाऊन आलेली होती! म्हणजे रोज हेच काम करणाऱ्या डॉक्टरांचं असं होतं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

म्हणून माझं पहिलं सांगणं, पहिल्या फेरीत चोर शोधूच नका. घटनास्थळ तपासताना पोलीस कधीकधी कडेपासून गोल गोल फिरत मध्यभागी येतात, तसं चित्राच्या एका कोपऱ्यातून सुरू करा आणि जे दिसेल ते कागदावर लिहा, पण फक्त दिसतं तेच. "दोन कप, एक भरलेला" असं लिहायचं, "पाहुणा घाईत उठून गेला" असं नाही. ते तुम्ही ठरवलेलं आहे, चित्रात नाहीये. हे दोन वेगळे ठेवता आले ना की निम्मी कोडी तिथेच सुटतात. फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या बाईंनी 1940 च्या दशकात अमेरिकेत पोलिसांना हेच शिकवायला मृत्यूच्या जागांची छोटी मॉडेल्स बनवली होती, 1 फुटाला 1 इंच या मापाने, आत अगदी कॅलेंडर आणि डबे-बाटल्यांसकट सगळं. किती मनापासून केलेलं काम आहे ते! त्यातली बरीचशी बॉल्टिमोरमध्ये आजही ट्रेनिंगसाठी वापरतात.

प्रश्न: एका कोड्यात पावसानंतरचं अंगण आहे, फाटक ते व्हरांडा चिखलात सायकलच्या खुणा, मध्ये एक वळण. माळी म्हणतो "चोर सायकलवरून पळाला". उत्तरात म्हटलंय माळी खोटं बोलतोय, सायकल बाहेर गेलीच नाही, ती आत आली. हे कसं कळणार? टायरच्या रेघा दोन्हीकडून सारख्याच!

उत्तर: वा, हे फार सुंदर कोडं आहे आणि सारख्या वाटणाऱ्या रेघा सारख्या नसतात. आधी कुठली रेघ कुठल्या चाकाची ते बघा. हँडल पुढच्या चाकाला असतं त्यामुळे त्याची रेघ जास्त नागमोडी आणि वळणावर बाहेरून जाते, मागचं चाक जरा आतून शांतपणे जातं, आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे मागच्या चाकाची रेघ वर उमटलेली असते कारण ते चाक नंतर जातं. आता दिशा. मागचं चाक फ्रेमला पक्कं असल्यामुळे त्याचं तोंड कायम पुढचं चाक जिथे टेकलंय तिकडेच असतं, आणि दोन चाकांमधलं अंतर काही बदलत नाही. म्हणून मागच्या चाकाच्या रेघेवर वळणात एक बिंदू घ्या आणि पट्टीने तिथे रेघेला नुसती टेकून जाणारी सरळ रेघ दोन्ही बाजूंना काढा, ती पुढच्या चाकाच्या रेघेला कुठे मिळते ते मोजा, मग दुसरा बिंदू, तिसरा बिंदू. ज्या बाजूला अंतर दरवेळी तेवढंच येतं, सायकल त्या बाजूला गेली. उलट बाजूला अंतर कमीजास्त होत राहतं. तुमच्या चित्रात ते व्हरांड्याच्या बाजूला सारखं येत असणार. आणि परत जायच्या खुणा नाहीतच, मग माळ्याने पळताना कोणाला बघितलं? सरळ रस्त्यावर ही युक्ती चालत नाही, तिथे दोन्ही रेघा एकच होतात, म्हणूनच चित्रकाराने मुद्दाम वळण काढलंय.

प्रश्न: मला पहिला पुरावा पटकन सापडतो पण उत्तर चुकतंच.

उत्तर: एक सापडलं की शोध थांबतो, सगळ्यांचंच होतं. एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांनाही यापासून जपावं लागतं, एक दोष दिसला की दुसरा नजरेतून सुटतो. सापडलेला पुरावा प्रत्येक संशयिताला लावून बघा आणि प्रत्येकाचं बोलणं क्षणभर खरं धरा. "लाईट गेली, मी तीन तास मेणबत्तीच्या उजेडात वाचत होतो" हे खरं असेल तर चित्रात काय असायलाच हवं? बरीच जळलेली मेणबत्ती, ओघळलेलं मेण. ती नवीकोरी उभी असेल तर झालं की! चित्रात नसलेली गोष्ट अशीच सापडते, नुसतं बघत बसून नाही.

प्रश्न: दोन चित्रांतले फरक डोळे तिरळे करून शोधणं चीटिंग आहे का?

उत्तर: चीटिंग नाही. दोन्ही चित्रं एकावर एक आली की फरकाच्या जागी दोन डोळ्यांना वेगळं दिसतं म्हणून तेवढीच जागा लुकलुकते. पण त्यात निरीक्षणाचा सराव होत नाही, म्हणून मला स्वतःला त्यात मजा येत नाही. डोळे दुखले तर लगेच थांबा.

प्रश्न: "काचा बाहेर पडल्यात म्हणजे खिडकी आतून फोडली" हे उत्तर किती कोड्यांत असतं! खरंच असं असतं?

उत्तर: बऱ्याच काचा धक्क्याच्या दिशेने जातात हे खरं, पण काही बारीक तुकडे फोडणाऱ्याच्या बाजूलाही उडतात, त्यामुळे एखादा तुकडा इकडे पडला म्हणून खऱ्या तपासात निकाल लावत नाहीत, तडे कसे गेलेत तेही बघतात. एकाच काचेवर दोन फटके बसले असतील तर दुसऱ्याचे तडे पहिल्याच्या तड्यापाशी येऊन थांबतात, त्यावरून आधीचा फटका कुठला ते कळतं. अशी कोडी काढणाऱ्यांनी हे वापरायला हवं असं मला फार वाटतं. तोपर्यंत कोड्यात ढीग कुठल्या बाजूला आहे तेवढंच धरा, सुटे तुकडे सोडून द्या.