फायटर माशाचे पाणी

प्रश्न : दिवाळीत मुलीसाठी निळा फायटर, म्हणजे बेट्टा मासा आणला. तो दोन लिटरच्या काचेच्या बरणीत ठेवला आहे. दर रविवारी बरणी घासून सगळे पाणी बदलतो आणि आरओचे पाणी भरतो. पाणी नितळ असते. तरीही गेले दोन आठवडे मासा तळाशी बसून राहतो, पर मिटून घेतो आणि शेपटीच्या कडा झिजलेल्या दिसतात. काय चुकते आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा आणि विष्ठा व उरलेले खाद्य कुजून तयार होणारा अमोनिया रंगहीन असतो, त्यामुळे नितळ पाण्यातही तो घातक प्रमाणात साठलेला असू शकतो. दोन लिटरमध्ये तो फार लवकर साठतो. मोठ्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. आपण मात्र दर रविवारी बरणी घासताना तिच्या काचेवर रुजू पाहणारे थोडेफार जिवाणूही काढून टाकता.

दुसरा दोष आरओच्या पाण्याचा. त्यातील बहुतेक क्षार निघून गेलेले असल्याने त्याचा पीएच स्थिर राहत नाही, आणि सगळे पाणी एका दमात बदलल्याने माशाच्या शरीराला दर आठवड्याला हा फरक नव्याने सोसावा लागतो. सहा ते साडेसात पीएच या माशाला मानवतो, पण नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर असणे महत्त्वाचे. नळाचेच पाणी वापरावे, मात्र त्यातील क्लोरीन काढण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणात घालावेत. बोअरचे पाणी फारच जड असेल, तरच त्यात थोडे आरओचे मिसळावे.

हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानदार त्याला पेल्याएवढ्या डब्यात ठेवू शकतात आणि ‘याला पाणी कमीच लागते’ असा समज पसरतो. थायलंडमधील ज्या भातखाचरांत आणि दलदलीत तो आढळतो, तेथील पाणी उथळ असले तरी दूरवर पसरलेले आणि पाणवनस्पतींनी भरलेले असते. किमान पंधरा-वीस लिटरची, झाकण असलेली टाकी आणि संथ प्रवाहाचा स्पंज फिल्टर घ्यावा. झाकण आणि पाण्याची पातळी यांत मात्र हवेसाठी जागा सोडावी.

नव्या फिल्टरवर जिवाणू रुजण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत दर दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलावे, खाद्याचे दोन-तीन दाणेच टाकावेत आणि शक्य असल्यास टेस्ट किटने अमोनिया व नायट्राइट तपासावे. दोन्ही शून्यावर टिकू लागले की आठवड्यातून एकदा पाव हिस्सा बदलणे पुरते.

नाशिकची थंडी हेही तळाशी बसण्याचे कारण असू शकते. पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे, त्यासाठी थर्मोस्टॅट असलेला लहान हीटर लावावा आणि नवे पाणी त्याच तापमानाचे करून ओतावे. पाणी सुधारल्यावर झिजलेले पर सहसा पुन्हा वाढतात. झीज बुंध्याकडे सरकू लागली किंवा कडा पांढुरक्या दिसल्या, तर जंतुसंसर्ग समजून जाणकाराला दाखवावे. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलके पिळावा.